गटात संघ चार, सामने सहा : वर्ल्डकपच्या गटाचा अंदाज लिहायला बसण्याआधी

२०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप तोंडावर आला तेव्हा गल्लीतल्या पोट्ट्यांनी मला चहाच्या ठेल्यावर गाठलं. "भाऊ, तुम्ही रातभर मॅची पाहता, मंग एक कागद लिहून द्या ना. कोण्या ग्रुपमधून कोन जाते ते." मी हुरळलो. दोन रात्री जागून ग्रुप सी चा कागद तयार केला: अर्जेंटिना, सौदी अरेबिया, मेक्सिको, पोलंड. प्रत्येक संघाला एक परिच्छेद. अर्जेंटिना ३६ सामन्यांत हरलेली नाही, मेस्सी बहुधा शेवटचा वर्ल्डकप खेळतोय, वगैरे. सौदीला अडीच ओळी. ए३ झेरॉक्स काढून ठेल्याच्या पत्र्यावर डकवला.

२२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेतीन. सौदी २, अर्जेंटिना १. सहा वाजता दूध आणायला बाहेर पडलो तर कागदाखाली कोणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, "भाऊ, पुढचा कागद कोराच लावा."

त्या कागदातली माहिती चुकीची नव्हती. चूक अशी होती की मी चार बायोडाटा लिहिले होते. लग्न जुळवताना दोन्हीकडचे बायोडाटा कितीही छान असले, तरी दोघांचं एकमेकांशी पटेल का हे त्यात नसतंच. गटाचंही तसंच. चार संघांच्या गटात सहा सामने होतात, आणि आपल्याला लिहायचं असतं त्या सहा सामन्यांबद्दल. त्यानंतर बऱ्याच स्पर्धांचे कागद लिहिले, आणि पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं हे आता बऱ्यापैकी ठरलंय.

काय काय जवळ हवं:

- गटाचं वेळापत्रक, सामन्यांच्या क्रमासकट
- त्या स्पर्धेची नियमावली (फिफा ही जगाची, युएफा युरोपची, एएफसी आशियाची फुटबॉल संघटना; त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते)
- चारही संघांच्या खेळाडूंची अंतिम यादी
- प्रत्येक संघाचे मागचे दहा-बारा निकाल, ते कुठे आणि कुणाशी झाले या नोंदीसह
- चौकड्यांची वही, पेन्सिल, खोडरबर
- सहा तास. प्रत्येक संघाचा एक सामना पूर्ण बघायचा, हायलाइट्स नाही

१. आधी सहा ओळी लिहा, संघांची नावं नंतर

वहीच्या एका पानावर सहा सामने क्रमाने लिहून काढा. पहिली फेरी दोन सामने, दुसरी दोन, तिसरी दोन. कोण कुणाशी आधी खेळणार याला फार महत्त्व आहे. तगड्या संघाशी पहिलाच सामना असला तर हरूनही सावरायला दोन सामने उरतात. तोच शेवटी आला आणि तोवर तो संघ पुढे गेलेला असला, तर तो मुख्य खेळाडूंना विश्रांती देऊ शकतो. दुबळ्या वाटणाऱ्या संघाचं नशीब कधीकधी या क्रमातच लपलेलं असतं.

आणि वेळ भारतीय लिहा, तारखेसकट. इथे मी सपशेल आपटलो होतो. अर्जेंटिना-मेक्सिको सामना कतारच्या घड्याळात २६ नोव्हेंबरला रात्री दहाला होता, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. मी लिहिलं, "२६ नोव्हेंबर, रात्री १२.३०." आता रात्री साडेबाराला २६ तारीख म्हणजे नेमकी कोणती रात्र? चार पोट्टे शुक्रवारी रात्री स्वेटर-मफलर घालून ठेल्यासमोर येऊन उभे. नोव्हेंबरच्या शेवटाची नागपूरची थंडी, ठेला बंद, आणि मोबाइलवर सामना काही सापडेना. दुसऱ्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी "शनिवारची रात्र संपून रविवार लागल्यावर साडेबारा" असं अख्खं वाक्य लिहितो. अमेरिकेतल्या स्पर्धांना तर हा गोंधळ रोजचाच, कारण तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाट.

२. नियमावली वाचा, निदान बरोबरीचं पान तरी

हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. किती संघ पुढे जाणार आणि गुण सारखे झाले तर आधी काय बघणार, एवढ्या दोनच गोष्टी शोधायच्या आहेत.

२०२२ च्या वर्ल्डकपमध्ये गुण सारखे झाले की आधी एकूण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघत होते. युरो (युरोपचा चषक) आणि आशियाई चषकात आधी त्या दोन संघांमधल्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात. फरक बारीक वाटतो, पण लिहिण्याचा सगळा सूर त्याने बदलतो. गोलफरक आधी असेल तर दुबळ्या संघाला पाच-सहा गोल मारणाऱ्याला फायदा. स्पेनने कोस्टा रिकाला ७-० हरवलं होतं. गटाच्या शेवटी स्पेन आणि जर्मनी दोघांचे ४ गुण झाले आणि जर्मनी घरी गेली. आपसातला निकाल आधी असेल तर असे सात गोल आपसातला सामना बरोबरीत सुटला तरच कामाचे, नाहीतर कौतुकापुरते.

सगळंच सारखं झालं तर पिवळी कार्डं मोजतात. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल यांचे गुण ४-४, गोल सारखे, आपसातला सामना २-२. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. जपान पुढे गेला. शेवटच्या सामन्यात पोलंडविरुद्ध एका गोलने मागे असूनही जपानी खेळाडू अखेरच्या मिनिटांत आपल्याच अर्ध्यात चेंडू फिरवत बसले, कारण दुसऱ्या मैदानावर सेनेगलही हरतोय हे त्यांना ठाऊक होतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मला विचाराल तर त्यांनी नियमावली वाचली होती.

किती जण पुढे जातात हेही नीट बघा. ३२ संघांच्या वर्ल्डकपमध्ये गटातले पहिले दोनच जायचे. २०२६ साठी ४८ संघ, चारचे बारा गट. प्रत्येकातले दोन आणि शिवाय तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले आठ, असे ३२ पुढे. तिसऱ्यालाही दार उघडं असलं की एक बरोबरीही सोन्याची होते. युरो २०१६ मध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तीन गुणांवर तिसरा आला, आणि शेवटी चषक घेऊन गेला. अशा स्पर्धेत "दुसरा कोण" यापेक्षा "चौथा कोण" हा प्रश्न जास्त कामाचा.

३. संघ इथवर आला कसा, ते बघा

नवखा माणूस इथे फिफा क्रमवारी उघडतो आणि तिथेच थांबतो. २०२२ ला अर्जेंटिना तिसरी, सौदी ५१ वा. मीही तेच केलं होतं.

क्रमवारी फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण ती बनते कशी हे ठाऊक असू द्या. २०१८ पासूनच्या पद्धतीत साध्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन ५ किंवा १०, तर वर्ल्डकपच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे ६०. त्याआधीच्या पद्धतीत मैत्रीपूर्ण सामने खेळून सरासरी खाली यायची. पोलंडने २०१७ मध्ये असे सामने टाळले, क्रमवारी वर राहिली, २०१८ च्या सोडतीत पहिल्या भांड्यात, म्हणजे अव्वल मानलेल्या संघांत, जागा मिळाली. आणि गटात? शेवटचा नंबर.

क्रमवारीपेक्षा पात्रता फेरीचे निकाल जास्त बोलतात. ज्या सौदीला मी अडीच ओळी दिल्या, त्याने आशियाई पात्रता फेरीच्या गटात जपानच्या वर पहिला क्रमांक पटकावला होता. जेद्दाला जपानला १-० हरवलंही होतं. आणि त्याच जपानने पुढे कतारमध्ये जर्मनी आणि स्पेन या दोघांना धूळ चारली. पात्रता फेरीची ही माहिती सोडतीच्या दिवशीही सगळ्यांसमोर होती. मी उघडून बघितली नाही, एवढंच.

निकाल बघताना सामना कुठे झाला तेही बघा. बोलिव्हिया आपले सामने ला पाझला खेळायचा, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर. तिथे भल्याभल्यांना धाप लागते. त्या मैदानावरचा विजय किंवा पराभव जसाच्या तसा गटाच्या कागदावर उतरवू नका. यजमान संघाचं वेगळंच. त्यांना पात्रता फेरी खेळावीच लागत नाही, त्यामुळे खऱ्या दडपणाखालचे निकालच कमी सापडतात. कतार २०२२ मध्ये घरच्या मैदानावर तिन्ही सामने हरला.

४. खेळाडूंची यादी: उशिरा लिहा

थोडक्यात सांगतो. यादी जाहीर झाली म्हणजे ती पक्की असं नाही. २०२२ ला सेनेगलच्या यादीत साडियो माने होता, फ्रान्सच्या यादीत करीम बेन्झेमा होता. दोघंही दुखापतीमुळे स्पर्धेत एक मिनिटही खेळले नाहीत. म्हणून हा भाग सगळ्यात शेवटी लिहा, आणि नावं कमीत कमी घ्या. प्रत्येक संघातून तीन पुरेत: गोलकीपर, मधल्या फळीतला एक, आणि ज्याच्याशिवाय गोल होत नाही असा एक.

गोलकीपर मुद्दाम म्हणतोय. त्याच ग्रुप सी मध्ये मेक्सिकोच्या ओचोआने पोलंडच्या लेव्हान्डोव्स्कीची पेनल्टी अडवली. पोलंडच्या श्चेन्स्नीने सौदीच्या अल-दौसरीची अडवली आणि मेस्सीचीही. माझ्या कागदावर या दोन गोलकीपरांचं नावही नव्हतं.

आणखी एक बघायचं, खेळाडू कुठल्या क्लबांतून येतात. सौदीचे सगळे २६ जण घरच्याच लीगचे होते. मी ते कमीपणाचं मानलं होतं. पण एकमेकांबरोबर आठवड्यामागून आठवडा खेळणारे खेळाडू, त्यातले बरेचसे एकाच अल-हिलाल क्लबचे, डोळे मिटून बचावाची रेषा धरतात. अर्थात कतारचेही सगळे घरचेच होते आणि ते तिन्ही हरले. तेव्हा यावरून लगेच नियम करू नका.

५. दोन संघ समोरासमोर ठेवा

खरं काम इथे आहे. यासाठीच ते सहा तास.

सामना बघताना पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघू नका. अवघड जातं, पण जमतं. बचावाची शेवटची रेषा कुठे उभी आहे ते बघा: स्वतःच्या डी जवळ, की पार मध्यरेषेच्या आसपास? चेंडू गेल्यावर लगेच अंगावर धावून जातात, की मागे सरकून वाट बघतात? गोलकीपर लांब मारतो, की पायाजवळच्याला देतो? तीन उत्तरं वहीत लिहा. चार संघांची मिळून बारा. मग सहा सामन्यांच्या सहा ओळींपुढे ही उत्तरं जोडीजोडीने मांडा.

सौदीने अर्जेंटिनाला कसं धरलं हे मला ठेल्यावरच्या काकांनी समजावलं. त्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण यशवंत स्टेडियमवर आणि कामठीला सामने बघत आयुष्य गेलंय. लाकडी फळीवर त्यांनी चार रिकामे कटिंगचे ग्लास ओळीने मांडले, अगदी मधोमध. "हे पाय, हे सौदीचे मागचे चौघं. किती वर उभे हायेत." मग एक क्रीमरोल घेतला, तो मेस्सी. ग्लासांच्या पुढे सरकवला. "आता पासवाल्यानं बॉल मारला तवा हा कुठं व्हता?" ग्लासांच्या पलीकडे. "झालं, ऑफसाइड." पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल असे रद्द झाले, एक मेस्सीचा आणि दोन लाउतारो मार्टिनेझचे. "अन् ह्यो डाव जुगार हाय," काका ग्लास उचलत म्हणाले. "एक ग्लास जरी मागं राह्यला ना, त संपलं." एर्व्हे रनार या सौदीच्या प्रशिक्षकाने तो जुगार खेळला आणि जिंकला. पुढच्या सामन्यात पोलंडने सौदीला २-० हरवलं.

म्हणून "अमुक संघाचा बचाव कच्चा आहे" असं कधी लिहू नका. कुणासमोर कच्चा ते लिहा. जपानने वेगात पलटवार करून जर्मनी-स्पेनला हरवलं, पण कोस्टा रिका मागे दाटीवाटीने उभी राहिली तेव्हा त्याच जपानला गोल करता येईना, ०-१ हरले. संघ तोच, स्पर्धाही तीच. फक्त समोरचा बदलला.

६. शेवटच्या फेरीची नऊ घरं

शेवटच्या फेरीत दोन सामने, प्रत्येकाचे तीन निकाल शक्य. तीन गुणिले तीन, नऊ घरं. चौकड्यांची वही यासाठीच सांगितली. पहिल्या दोन फेऱ्या संपल्या की हा तक्ता भरून कागदाखाली जोडायचा. लोक संघांचे परिच्छेद वाचत नाहीत, पण या तक्त्यापुढे गर्दी करतात.

ग्रुप सी चंच बघा. दोन फेऱ्यांनंतर पोलंड ४, अर्जेंटिना ३, सौदी ३, मेक्सिको १. उरले अर्जेंटिना-पोलंड आणि सौदी-मेक्सिको. तक्ता भरला की डोळ्यांत भरतं ते असं: पोलंड जिंकलं तर अर्जेंटिना घरी, दुसरीकडे काहीही होवो. सौदी जिंकला तर सहा गुणांनी पुढे, पहिल्या मैदानावर काहीही होवो. अर्जेंटिना आणि मेक्सिको दोघंही जिंकले तर मात्र पोलंड-मेक्सिको ४-४, मग गोलफरक. पोलंडचा अधिक दोन, मेक्सिकोचा उणे दोन. चार गोलांची दरी.

त्या रात्री ती दरी भरली. अर्जेंटिना २-०, मेक्सिको २-०. दोन्ही संघांचे गोल २-२, आपसातला सामना ०-०. पोलंड पुढे होतं ते केवळ पिवळी कार्डं कमी म्हणून. हरणाऱ्या संघाने उरलेली मिनिटं पिवळं कार्ड मिळू नये म्हणून जपून काढायची, आणि जिंकणारा मेक्सिको आणखी एका गोलासाठी जीव टाकतोय. शेवटी भरपाईच्या वेळेत अल-दौसरीने मेक्सिकोवर गोल केला आणि प्रश्न मिटला. आमच्या ठेल्यावर तक्ता होता म्हणून रात्री अडीच वाजता दोन मोबाइलांवर दोन सामने लावून कोणाला काय हवंय हे सगळ्यांना कळत होतं. त्या कागदावर मात्र कोणी काही खरडलं नाही.

हे दोन सामने एकाच वेळी का असतात हे नवे प्रेक्षक विचारतातच, तेव्हा एक ओळ टाका. १९८२ मध्ये स्पेनच्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी संपला होता, त्यामुळे जर्मनी थोडक्यात जिंकली की दोघंही पुढे हे आधीच ठाऊक. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि मग दोघांनी वेळ काढला. १-०, अल्जीरिया बाहेर. पुढच्या वर्ल्डकपपासून गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले.

७. आपला संघ गटात असेल तर

भारत आशियाई चषकात असला की माझी पेन्सिल वाकडी चालते, हे कबूल. २०१९ ला आपण थायलंडला ४-१ हरवलं, यूएईकडून ०-२ हरलो. बहरीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी दुसऱ्या क्रमांकाने पुढे गेलो असतो, कारण आपसातला निकाल आधी, आणि थायलंडला आपण हरवलं होतं. ९० मिनिटं ०-०. मग भरपाईच्या वेळेत पेनल्टी, गोल, आणि आपण थेट चौथे. तीन गुण असूनही शेवटचे. या एका सामन्यावरून बरोबरीचा नियम काय असतो हे पोट्ट्यांना कायमचं समजलं.

त्या हुरूपात पुढच्या खेपेला, जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या चषकाच्या कागदावर, मी भारताला सीरियाविरुद्ध विजय आणि उझबेकिस्तानविरुद्ध बरोबरी देऊन टाकली. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, एकही गोल नाही. आता मी भारताचा भाग दुसऱ्याकडून लिहून घेतो. आमच्याकडे एक रेल्वेतला गृहस्थ आहे, त्याला कशाचाच आनंद होत नाही. तो अचूक लिहितो.

८. कागद लिहिताना

एका गटाला एक पान, जास्त नाही. वर सहा सामने, भारतीय वेळेसह. मग प्रत्येक सामन्याला दोन-तीन वाक्यं आणि अंदाज. अंदाजाशेजारी "कारण" असा एक शब्द लिहून त्यापुढे एकच कारण द्या. कारण सुचलं नाही तर तो अंदाज नसतो, आपल्यातला फॅन बोलत असतो. नुसता स्कोअर लिहू नका. ३-० लिहिलं की लोक फक्त तेवढंच लक्षात ठेवतात, हे मला विचारा.

नावं मराठीत लिहिण्याआधी एकदा समालोचनात ऐका. मी Szczęsny हे नाव इंग्रजी अक्षरांवरून "स्झेस्नी" लिहून मोकळा झालो होतो, आणि तो निघाला श्चेन्स्नी.

पैशांची पैज कागदाला जोडू नका. आमच्याकडे हरणारा चहा पाजतो, फार तर सकाळी तर्री-पोहे. त्याच्या वर गेलं की भांडणं होतात आणि शिव्या लिहिणाऱ्याला बसतात.

कागद पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी लावा, त्याहून आधी नाही, दुखापतींच्या बातम्या येतच असतात. पहिली फेरी झाली की त्याच कागदावर लाल पेनने दुरुस्त्या करा, जुनं खोडू नका. आणि खळ लावून चिकटवू नका, टेप वापरा. पत्र्यावर सकाळी दव धरतं, खळ लावलेला कागद दुपारपर्यंत गळून चहाच्या पातेल्याशेजारी पडलेला असतो.